ठेव, कुलूप आणि राखणदार

मनुष्यानें जेव्हां पहिली वस्तु दुसऱ्याच्या हातीं 'ठेव' म्हणून दिली, तेव्हांच नीतिशास्त्रांतील एक बिकट प्रश्न जन्मास आला, असें म्हणावयास हरकत नाहीं. देणारा निघून जातो, घेणारा मागें राहतो. आणि देणाऱ्याच्या पश्चात् त्या वस्तूचें रक्षण घेणाऱ्याच्या सदसद्विवेकावर अवलंबून राहतें. ठेव सोन्याची असली तर प्रश्न त्यांतल्या त्यांत सोपा असतो. सोनें गेलें तर सोन्यानें भरपाई करतां येते. परंतु ठेव गुपिताची असली म्हणजे भरपाईचा मार्गच खुंटतो. एकदां फुटलेलें गुपित कोणत्याहि न्यायसभेला पुन्हां गुप्त करतां येत नाहीं. आजच्या काळीं आपण सर्वांनींच, कळत न कळत, आपलीं गुपितें यंत्रांच्या स्वाधीन केलीं आहेत: बँकेंतील पुंजी, वैद्यानें टिपून ठेवलेलें दुखणें, बोटांचे ठसे, घरच्या माणसांशीं केलेलें बोलणें. हीं यंत्रें ज्या कुलपांवर विसंबून आहेत, तीं कुलपें उद्यां उघडलीं जाण्याचा संभव आहे, असें गणितशास्त्रज्ञ आज सांगत आहेत. तेव्हां राखणदाराचा धर्म कोणता, हा जुनाच प्रश्न नव्या वेषानें आपणांपुढें उभा राहिला आहे. व त्याचाच थोडा विचार प्रस्तुत निबंधांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम ह्या कुलपाचें स्वरूप समजून घेतलें पाहिजे. दोन मोठ्या मूळ संख्यांचा गुणाकार करणें सोपें आहे. पण नुसता गुणाकार हातीं देऊन 'ह्याचे अवयव काढा' असें म्हटलें, तर संख्या वाढेल तसतसें तें काम अशक्यप्राय होत जातें. रिव्हेस्ट, शमीर व ॲडलमन ह्या तिघांनीं १९७७ मध्यें ह्याच विषमतेवर आपलें कुलूप उभारलें. आज सामान्यतः प्रचारांत असलेल्या त्या कुलपांतील संख्या लिहूं गेल्यास ती ६१७ अंकी भरते, आणि साध्या संगणकांनीं तिचे अवयव काढण्याची आशा कोणी बाळगीत नाहीं. परंतु १९९४ मध्यें पीटर शोर ह्या अमेरिकन गणितज्ञानें असें दाखवून दिलें कीं, सूक्ष्म कणांच्या विलक्षण नियमांवर चालणारा संगणक, ज्याला क्वांटम संगणक म्हणतात तो, पुरेशा सामर्थ्याचा बांधतां आला, तर हेंच काम तो अल्पावधींत करील. तसा समर्थ संगणक अद्याप कोठेंहि नाहीं. गूगल कंपनीनें डिसेंबर २०२४ मध्यें पुढें आणलेल्या 'विलो' नामक चिपमध्यें १०५ क्यूबिट होते, आणि कुलूप फोडण्यास लागणारा आंकडा ह्याहून फार मोठा आहे. पण तो मोठा आंकडाहि स्थिर नाहीं. २०१९ मध्यें तो दोन कोटि सांगितला जात होता. मे २०२५ मध्यें क्रेग गिडनी ह्या संशोधकानें तो दहा लाखांच्या आंत येऊं शकतो, असा हिशेब मांडला. शत्रूचें आरमार क्षितिजावर दिसत नाहीं हें खरें. पण त्यासाठीं रानांत लांकडें तोडिलीं जात आहेत, हेंहि तितकेंच खरें.

'मग आरमार दिसूं लागेल तेव्हां पाहूं,' असें म्हणणारे व्यवहारी गृहस्थ आम्हांस पुष्कळ भेटतात. सोन्याच्या ठेवीपुरतें त्यांचें म्हणणें ठीक आहे. गुपिताच्या ठेवीला तें लागू पडत नाहीं, कारण कुलूपबंद मजकूर आज चोरून तसाच सांठवितां येतो, आणि किल्ली सांपडेल त्या दिवशीं वाचतां येतो. हें केवळ कल्पनेंतलें संकट नव्हे. आपल्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासांतच त्याचें ठळक उदाहरण आहे. महानुभाव पंथाच्या अनुयायांनीं चौदाव्या शतकापासून आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादि सांकेतिक लिपींत उतरून ठेविले. अक्षरांची अदलाबदल करून केलेली ती युक्ति त्या काळास पुरेशी होती. 'लीळाचरित्रा'सारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा मराठी भाषेच्याच लेंकरांना शतकानुशतकें वाचतां आला नाहीं. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभीं राजवाडे, भावे प्रभृति संशोधकांच्या खटपटीनें त्या लिपीची किल्ली हातीं आली, आणि पांचशें वर्षें मुकीं असलेलीं पानें बोलूं लागलीं. पोथी तीच, शाई तीच. बदलली ती फक्त वाचणाऱ्याची शक्ति. ज्यांनीं त्या लिपि योजिल्या, त्यांना ह्या वाचकांची कल्पनाहि नव्हती.

ह्या उदाहरणाच्या दोन बाजू आहेत, आणि विचारी वाचकानें दोन्ही पाहिल्या पाहिजेत. ती किल्ली सांपडली म्हणून मराठी भाषा श्रीमंत झाली. शिवाय त्या गुप्ततेनें पंथाविषयीं जे गैरसमज पसरले होते, ते दूर होण्यास वाट मिळाली. तेव्हां गुपित उघडणें हें प्रत्येक वेळीं पापच होय, असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यांच्या सुखदुःखाशीं त्या मजकुराचा संबंध होता, तीं माणसें कालवश होऊन शतकें लोटलीं कीं गुपिताचा इतिहास होतो, आणि इतिहासावर सर्वांचा हक्क असतो. पण आज जीं गुपितें सांठविलीं जात आहेत, त्यांना पांचशें वर्षें थांबण्याचें कारण पडणार नाहीं. तीं दहावीस वर्षांत उघडलीं गेलीं, तर ज्या तरुणीचें दुखणें आज नोंदलें गेलें, ती तेव्हां चाळिशींतली गृहिणी असेल, आणि तिच्या मुलीच्या लग्नाची बोलणीं चाललेलीं असतील. इतिहास आणि चहाडी ह्यांत जें अंतर आहे तें हेंच: एकांत काळानें संमति दिलेली असते, दुसरींत कोणींच दिलेली नसते.

आतां शास्त्रज्ञ स्वस्थ बसले आहेत असें मात्र नाहीं. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण-संस्थेनें २०१६ मध्यें साऱ्या जगाला आवाहन करून नवीं कुलपें मागविलीं, आणि आठ वर्षांच्या परीक्षेनंतर १३ ऑगस्ट २०२४ रोजीं त्यांपैकीं तिहींचीं प्रमाणें प्रसिद्ध केलीं. त्यांतील दोहोंचा पाया एका निराळ्याच कोड्यावर आहे. आमच्या मालवणी वाचकांस तें जाळ्याच्या दृष्टांतानें समजेल. शेंकडों मितींच्या अवकाशांत एक प्रचंड जाळें पसरलें आहे अशी कल्पना करावी. त्याच्या एखाद्या गांठीपासून किंचित् ढळलेला एक बिंदु दिला असतां सर्वांत जवळची गांठ कोणती, तें सांगावयाचें. हें काम साध्या संगणकाला जितकें दुर्घट, तितकेंच क्वांटम संगणकालाहि दुर्घट असावें, असा आजचा तज्ज्ञांचा विश्वास आहे. त्याला 'विश्वास' हाच शब्द योग्य. ह्याच परीक्षेंत बराच पुढें आलेला 'साइक' नांवाचा एक उमेदवार २०२२ मध्यें बेल्जममधील दोघां संशोधकांनीं साध्या संगणकावर सुमारें तासाभरांत चीत केला. परीक्षा उघड्यावर झाली, म्हणूनच तो दोष वेळेवर सांपडला. ऑग्यूस्त केर्कहॉफ्स ह्यानें १८८३ मध्येंच सांगून ठेविलें होतें कीं, कुलपाची रचना शत्रूच्या हातीं पडली तरी बिघडूं नये. गुप्त राहावी ती फक्त किल्ली. महानुभावांची सकळ लिपि फुटली ती ह्याच ठिकाणीं: तिच्यांत रचना आणि किल्ली हीं एकच होतीं.

तथापि गणित पक्कें झालें म्हणजे काम संपलें, ही समजूत आमच्या मतें सर्वांत घातक आहे. नकाशावरचा किल्ला कोणीच जिंकूं शकत नाहीं. जिंकला जातो तो दगडांचा किल्ला. मालवणच्या किनाऱ्यावर उभें राहून सिंधुदुर्गाकडे पाहणाऱ्याला हें निराळें सांगावयास नको. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं त्याचा पाया घातला गेला व तीन वर्षांत तो उभा राहिला. त्याचा दरवाजा बुरुजांच्या वळणांत असा दडविलेला आहे कीं, समुद्रावरून येणाऱ्यास तो दिसत नाहीं. पण त्या दडविण्यावर बांधणाऱ्यांनीं भिस्त ठेवली नव्हती. दरवाजा ठाऊक असलेल्यालाहि बुरुजांच्या माऱ्याखालून वळण घेतच आंत जावें लागतें. सभोंवतीं खडक आहेत. पायाचे चिरे शिसें ओतून बसविले, अशी परंपरा आहे. आणि खाऱ्या पाण्याच्या मध्यें गोड पाण्याच्या तीन विहिरी आहेत. युक्ति, बांधणी आणि आंतील माणसांची तरतूद हीं तिन्ही एकत्र आलीं, तेव्हां त्याला दुर्ग हें नांव शोभलें. आणि एवढें असूनहि १७६५ मध्यें इंग्रजांनीं तो कांहीं काळ घेतलाच, व त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असें आपलें नांव दिलें. नुसती भिंत अजिंक्य नसते.

यंत्रांतील कुलपांचेंहि असेंच आहे. गणित कागदावर असतें तोंवर त्याला आवाज नसतो, ऊब नसते, वेळ लागत नाहीं. तेंच गणित नखाएवढ्या चिपमध्यें उतरलें कीं तें वीज खातें, तापतें, एका आंकड्याला कमी तर दुसऱ्याला अधिक वेळ घेतें. शेजारच्या घरीं पहांटे जातें किती वेळ घरघरलें, ह्यावरून पाहुणे किती आले याचा अंदाज आपल्या आज्या बांधीत असत. गडावरच्या चुलींच्या धुरावरून शिबंदीचा अदमास घेणारे हेर त्याच जातीचे. पॉल कोचर ह्यानें १९९६ मध्यें दाखविलें कीं, यंत्र हिशेबास किती वेळ घेतें तें मोजून आंतील किल्ली काढतां येते. आणि १९९९ मध्यें आपल्या सहकाऱ्यांसह दाखविलें कीं, ती किती वीज घेते त्यावरूनहि काढतां येते. दुसरा प्रकार ह्याहून उद्धट आहे. विजेचा दाब क्षणभर हलवून किंवा प्रकाशाचा तीव्र किरण मारून यंत्राला चुकावयास लावावें, आणि त्या चुकलेल्या उत्तरांतून किल्ली हुडकावी. रागास चढविलेला माणूस नको तें बोलून जातो, तसाच हा प्रकार. क्वांटम संगणक ह्या कामास मुळींच लागत नाहीं. ज्याच्या हातीं यंत्र पडलें, त्याला साधीं मोजण्याचीं उपकरणें पुरतात. नव्या कुलपांनाहि ही पीडा चुकलेली नाहीं. उलट त्यांचा हिशेब लांबलचक असल्यामुळें गळती होण्याच्या जागा अधिक आहेत.

ह्यावर जो उपाय योजतात तो आमच्या इतिहासास परिचित आहे. शिवकालीं गडावर हवालदार, सरनोबत, सबनीस व कारखानीस असे अंमलदार नेमून कामाची अशी वांटणी केलेली असे कीं, एकटा कोणी फितला तरी गड त्याच्या एकट्याच्या हातून जाऊं नये. चिपमधील गुप्त आंकडाहि त्याचप्रमाणें स्वैर आंकड्यांच्या साह्यानें दोन किंवा अधिक वांट्यांत फोडून ठेवितात; एका वांट्यावर कान ठेवणाऱ्यास कांहींच बोध होत नाहीं. परंतु अंमलदार वाढले कीं पगारहि वाढतात. हिशेब अनेक पटींनीं लांबतो, आणि जागाहि अधिक लागते. जुन्या पद्धतीच्या एका सहीला ६४ बाइट पुरत. नव्या प्रमाणांतील 'एमएल-डीएसए' ह्या सहीला अगदीं लहान प्रकारांतहि २४२० बाइट लागतात. मोठ्या संगणकाला त्याचें कांहींच वाटत नाहीं. पण बँकेच्या पत्त्यांतील, विजेच्या मीटरांतील, रोग्याच्या छातींत बसविलेल्या यंत्रांतील इवल्याशा चिपला तो भार फार होतो. म्हणजे जेथें गरज मोठी, तेथेंच जागा अपुरी. आणि कारखानदाराला मोह पडतो तो येथेंच: कुलपाचें नांव नवें लिहावें, पण आंतील पहाऱ्याचा खर्च वांचवावा.

तो मोह किती महागांत पडतो ह्याचे दाखले दूर शोधावयास नकोत. २०१७ मध्यें एस्टोनिया देशांतील सुमारें साडेसात लाख ओळखपत्रें एकाएकीं संशयास्पद ठरलीं. त्यांतील चिप रीतसर प्रमाणपत्र मिळविलेली होती. गणितहि निर्दोष होतें. पण किल्ली घडविण्याच्या रीतींत वेळ वांचविण्यासाठीं एक जवळची वाट घेतलेली होती. आमच्या पुण्यांत कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजीं धाड पडली व सुमारें ९४ कोटि रुपये गेले. चोरांनीं कुलपांतलें कोणतेंहि गणित सोडविलें नव्हतें. बँकेच्या मुख्य हिशेबाला विचारण्याऐवजीं मधल्यामध्येंच 'होय, द्या' म्हणणारा एक खोटा कारकून त्यांनीं यंत्रांत उभा केला. आणि ज्या ऑगस्ट २०२४ मध्यें नव्या कुलपांचीं प्रमाणें प्रसिद्ध झालीं, त्याच महिन्याच्या २६ तारखेस मालवणांत, सिंधुदुर्गाच्या समोर, राजकोटावरचा छत्रपतींचा पुतळा कोसळला. त्याच्या अनावरणास नऊ महिनेहि पुरे झाले नव्हते. पलीकडे साडेतीनशें वर्षांचा तट त्याच वाऱ्यांत उभा होता. समुद्र नकाशा वाचीत नाहीं. तो सांधे तपासतो.

येथवर झाला तो शक्याशक्यतेचा विचार. आतां धर्माचा. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत 'उपनिधि' नांवाचें एक लहानसें प्रकरण आहे. पेटींत घालून, आंत काय आहे हें न सांगतां, दुसऱ्याच्या हातीं दिलेली वस्तु म्हणजे उपनिधि. ती जशी घेतली तशी परत केली पाहिजे. गुपिताच्या ठेवीचें ह्याहून नेमकें वर्णन आजच्या कायदेपंडितांनाहि साधेल कीं नाहीं, ह्याची आम्हांस शंका आहे. कारण उत्तम कुलूप तेंच, जें सांभाळणाऱ्यालाहि आंतील वस्तु दिसूं देत नाहीं. स्मृतिकार पुढें म्हणतात कीं, राजानें, दैवानें किंवा चोरांनीं ती ठेव नेली, तर राखणदार भरपाईस बांधलेला नाहीं. परंतु मालकानें मागितली असतां दिली नाहीं आणि मग ती गेली, तर त्यानें भरपाई करावी व तितकाच दंडहि भरावा. आणि मालकाच्या संमतीवांचून त्या ठेवीवर जो आपला निर्वाह करील, त्यानें ती नफ्यासह परत करून शिवाय दंडहि सोसावा.

ह्या तीन नियमांच्या कसोटीवर आजच्या राखणदारांना लावून पाहिलें तर काय दिसतें? ठेव फुटली कीं बँका, इस्पितळें, कंपन्या व सरकारी कचेऱ्या पहिल्या नियमाचा आश्रय करतात: 'चोरांनीं नेली, आमचा इलाज काय?' ही सबब अकस्मात् आलेल्या चोराला लागू आहे. पण ज्या चोराच्या आगमनाची दवंडी १९९४ पासून पिटली जात आहे, ज्याच्यावरचीं कुलपें २०२४ मध्यें घडवून बाजारांत ठेविलीं आहेत, आणि ज्याच्यासाठीं जुनीं कुलपें २०३५ पर्यंत काढून टाकावीं असा मसुदा त्याच अमेरिकन संस्थेनें प्रसिद्ध केला आहे, त्याला 'दैव' म्हणतां येईल काय? आमच्या मतें येणार नाहीं. इशारा मिळणें हें मालकानें ठेव परत मागण्यासारखेंच आहे. त्या क्षणापासून दिरंगाईचा प्रत्येक दिवस राखणदाराच्या खात्यावर पडतो. तिसऱ्या नियमाविषयीं आम्ही विस्तार करीत नाहीं. दुसऱ्यांच्या ठेवीवर ज्यांचा संसार चालतो, त्यांनीं निदान कुलपाच्या खर्चाविषयीं तरी कुरकुर करूं नये.

'ज्यानें कांहीं वाईट केलें नाहीं त्याला लपविण्यासारखें काय असणार?' असा एक आक्षेप भल्या माणसांकडूनहि ऐकूं येतो. त्याचें उत्तर प्रत्येक मराठी घराच्या रचनेंत आहे. माजघर हें पापासाठीं बांधलेलें नसतें. तेथें बाळंतिणी असतात, आजारी असतात, घरचे हिशेब आणि घरचे अश्रू असतात. ओसरीवर सर्वांचें स्वागत करणारा गृहस्थहि माजघराच्या उंबऱ्याशीं परक्याला थांबवितो, आणि त्यांत कोणाचा अपमान होत नाहीं. आपण कोणाला काय सांगावें हें ठरविण्याचा अधिकार ज्याच्या हातून गेला, त्याची सज्जनताहि मग त्याची राहत नाहीं. ती पाहणाऱ्याच्या भीतीची होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. गरीब देशानें अद्याप न जन्मलेल्या यंत्राच्या भीतीनें आज पैसा कां खर्चावा? सरकारनें १९ एप्रिल २०२३ रोजीं राष्ट्रीय क्वांटम अभियानास ६००३ कोटींहून अधिक रुपये मंजूर केले, आणि त्याचें एक केंद्र मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें आहे, एवढें पुरे नाहीं काय? ह्याचें उत्तर देतांना आम्हांस नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली गांवाची आठवण होते. २९ सप्टेंबर २०१० रोजीं आधार क्रमांकांचें पहिलें वाटप तेथें झालें. त्या आदिवासी गांवांतील माणसांनीं बोटांचे ठसे व डोळ्यांचीं चिन्हें दिलीं, तीं एका आश्वासनावर. धनिकाला आपली पेटी बदलतां येते, बँक बदलतां येते. किल्ली हरवली तर दुसरी करून घेतां येते. बोट मात्र कोणालाच बदलतां येत नाहीं. ज्याच्यापाशीं निवड नव्हती त्याची ठेव सर्वांत जड असते. कारण तिच्याबरोबर त्यानें आपला अविश्वास व्यक्त करण्याचा हक्कहि गहाण टाकलेला असतो. खर्चाचा प्रश्न खराच आहे. पण तो खर्च कोणीं सोसावा हें ठरवितांना ह्या माणसाला हिशेबांतून वगळतां येणार नाहीं.

मग करावें काय? सर्व कुलपें एका रात्रींत बदलणें शक्य नाहीं, आणि नवीं कुलपें सदैव टिकतील असेंहि कोणी सांगूं शकत नाहीं. 'साइक'चें उदाहरण ताजें आहे. म्हणून शहाणे कारागीर आज जुनें व नवें अशीं दोन्ही कुलपें एकावर एक घालतात, आणि यंत्र असें बांधतात कीं पुढें कुलूप बदलावें लागलें तर सारी भिंत पाडावी लागूं नये. पंधरा-वीस वर्षें चालावयाच्या यंत्रांत ही सोय आजच केली नाहीं, तर मागाहून ती करतां येत नाहीं. आमच्या कोंकणांत प्रत्येक गांवाच्या शिवेवर एक राखणदार असतो, अशी श्रद्धा आहे. आणि त्याला वर्षाकांठीं 'राखण' द्यावी लागते. श्रद्धेचा भाग ज्याचा त्यानें ठरवावा. पण त्या चालींतील शहाणपण आम्हांस मोलाचें वाटतें. रक्षण एकदां विकत घेऊन विसरून जाण्याची वस्तु आहे, असें आमच्या पूर्वजांनीं कधीं मानलें नाहीं. तें दरवर्षीं नव्यानें द्यावें लागतें, आणि शिवेपर्यंत चालत जाऊन द्यावें लागतें.

गणित आपल्याला कुलूप देईल, कारागीर भिंत देईल. पण विश्वासाला पात्र होण्याचें काम दोघांपैकीं कोणीहि आपल्यासाठीं करूं शकत नाहीं. राखणदार प्रामाणिक असला आणि भिंत फुटकी असली, तर त्याचा प्रामाणिकपणा ठेवीदाराच्या उपयोगी पडत नाहीं. भिंत अभेद्य असून राखणदार बेपर्वा असला, तर ती भिंत त्याच्या बेपर्वाईचेंच रक्षण करते. दुसऱ्याचें गुपित हातीं घेणाऱ्यानें तें किती वर्षें जपावयाचें ह्याचा विचार तें घेण्यापूर्वींच करावा. आणि तितकीं वर्षें जपण्याची आपली शक्ति नसेल, तर तें मुळांत मागूंच नये. न मागितलेलें गुपित कोणत्याहि संगणकाला चोरतां येत नाहीं. ठेव नाकारणें हाहि राखणदाराच्या धर्माचाच एक भाग आहे, आणि आजच्या काळीं बहुधा तोच सर्वांत विसरलेला आहे.